तळटीप १७ : ‘देवाचा दरबार’

१७. देवाचा दरबार : रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडल्यावर साताऱ्यात उभारलेली मंडळी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. येशूला गुरू मानून त्याच्याशी अनन्य राहणे एवढीच खरी अपेक्षा. टिळकांचा स्वतःचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला, पण प्रार्थना त्यांनी अभंग-कीर्तनातूनच केली. साखऱ्याबद्दल लिहिताना लेखक मध्येच टिळकांकडे वळतो तो नामदेवांमुळे : परंपरेने त्यांचे जन्मगाव मानलेली नर्सी साखऱ्याच्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. टिळक स्वतः मात्र तुकोबांचे ऋण अधिक मानत.