अंगठ्याएवढा सर्व्हो आणि ४५ मीटरची तबकडी

रेडिओने चालणारे छोटे हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबलेले दिसते, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की ते स्वस्थ उभे आहे. प्रत्यक्षात त्या वेळी त्याच्या पोटातल्या चार-पाच छोट्या मोटारी क्षणाचीही उसंत न घेता इकडून तिकडे सरकत असतात. वाऱ्याची झुळूक आली, शेपूट किंचित वळली, की लगेच पात्यांचा कोन बदलायचा आणि पुन्हा जागेवर यायचे. हे काम करणाऱ्या, आगपेटीपेक्षाही लहान अशा डबीला सर्व्हो म्हणतात. हा छंद असलेल्या मंडळींचा उडवण्याइतकाच वेळ या डब्या उघडण्यात, स्वच्छ करण्यात आणि बदलण्यात जातो.

ही दुरुस्ती वरवर पाहता किरकोळ वाटते. पण सर्व्होत नेमके काय बिघडते आणि ते टाळण्यासाठी काय बदलले गेले, हे पाहिले तर दीडशे वर्षांचा एक सलग इतिहास हाती लागतो. त्याचे एक टोक पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद येथे आहे.

आज्ञाधारक मोटर

साधी मोटर आणि सर्व्हो यांत फरक काय? घरातल्या पंख्याला आपण 'फिर' एवढेच सांगतो. सर्व्होला मात्र 'अमुक कोनापर्यंत जा आणि तिथेच थांब' असे सांगावे लागते. त्यासाठी आपण कुठे आहोत हे त्याला स्वतःला कळले पाहिजे. सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक म्हणजे त्रुटी. त्रुटी असेपर्यंत मोटर फिरते आणि ती शून्य झाली की थांबते. उत्तराची तपासणी करून ते पुन्हा आत पाठवण्याच्या या पद्धतीला प्रत्याभरण म्हणतात.

ही कल्पना विजेच्या मोटारीहून जुनी आहे. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातले जगातील सर्वांत मोठे जहाज होते. त्याचे सुकाणू माणसांच्या ताकदीने वळवणे कठीण, म्हणून १८६० च्या दशकात जे. मॅकफार्लेन ग्रे यांनी त्यावर वाफेचे यंत्र बसवले. सुकाणू हवे तितके वळले की वाफेची झडप आपोआप बंद होई. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन ही समुद्राखालची तारायंत्राची केबल टाकली. सर्व्होचा एक पूर्वज असा मुंबईच्या बंदरात येऊन गेला आहे.

फ्रेंच अभियंते जोसेफ फार्को यांनी १८७३ मध्ये अशा यंत्रांवर पुस्तक लिहिले आणि त्यांना 'सर्व्हो-मोटर' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'सर्व्हस' म्हणजे गुलाम. त्याआधी १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वाफेच्या इंजिनाच्या नियामकाचे गणित मांडले होते. नियामक फारच तत्पर केला, तर वेग स्थिर होण्याऐवजी वरखाली हेलकावू लागतो. असे का होते, हे त्यांनी समीकरणांनी दाखवले. आज सर्व्हो थरथरू लागला की त्यामागे असू शकणाऱ्या कारणांपैकी एक हेच आहे. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड हेझन यांनी सर्व्होयंत्रणांचा सिद्धान्त सविस्तर मांडला. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रडार वळवण्याच्या गरजेतून हे शास्त्र झपाट्याने वाढले.

बटणापासून स्पंदापर्यंत

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओने चालणारी नाव दाखवली होती. छंद म्हणून विमाने उडवण्यात रेडिओ आला तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंचे 'गफ' हे विमान त्यातले अग्रणी. सुरुवातीच्या विमानांत सर्व्हो नव्हता. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर फिरणारा एक खटका असे. बटण दाबले की सुकाणू पूर्ण डावीकडे, पुन्हा दाबले की पूर्ण उजवीकडे. 'थोडेसे डावीकडे' असे सांगण्याची सोयच नव्हती.

ती सोय १९६० च्या दशकात आली. प्रक्षेपकाकडून सेकंदाला सुमारे ५० वेळा एक विद्युत स्पंद येतो. स्पंद किती वेळ टिकतो, हाच संदेश. दीड मिलिसेकंद म्हणजे मध्यभागी, एक मिलिसेकंद म्हणजे एका बाजूला, दोन म्हणजे दुसऱ्या बाजूला. सर्व्होच्या आत एक छोटी मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारी तीन-चार दातेरी चाके आणि शेवटच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर असतो. हा पोटेन्शिओमीटर म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणामागे असणारा तोच भाग. दांडा फिरला की त्याचा विद्युतदाब बदलतो. त्यावरून मंडल स्वतःचा एक स्पंद तयार करते आणि बाहेरून आलेल्या स्पंदाशी ताडून पाहते. दोहोंतला फरक म्हणजेच त्रुटी.

हेलिकॉप्टरची परीक्षा

विमानाचा सर्व्हो क्षणभर अडखळला तरी विमान पंखांच्या आधाराने पुढे जाते. हेलिकॉप्टरला ती सवलत नाही. त्याच्या पात्यांचा कोन प्रत्येक फेरीत बदलावा लागतो. त्यासाठी मुख्य दांड्याभोवती एक तिरकी होणारी चकती असते, तिला स्वॉशप्लेट म्हणतात. जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास रेडिओने नीट ताब्यात राहणारे छोटे हेलिकॉप्टर उडवून दाखवले. त्यात पात्यांना आडवी अशी एक स्थिरता-दांडी होती. मूळ कल्पना मोठ्या हेलिकॉप्टरांची. अमेरिकेतील आर्थर यंग यांनी अनेक वर्षे लहान प्रतिकृती उडवून ती सिद्ध केली आणि १९४६ मध्ये मान्यता मिळालेल्या 'बेल ४७' मध्ये ती वापरली गेली. म्हणजे इथे खेळणे आधी आणि खरे यंत्र नंतर, असा क्रम होता!

नंतरच्या अनेक प्रतिकृतींत तीन सर्व्हो एकमेकांशी १२० अंशांवर बसवून चकती थेट उचलण्याची पद्धत रूढ झाली. चौथा सर्व्हो शेपटीच्या पंख्याचा. इंजिनावर चालणाऱ्या हेलिकॉप्टरात पाचवा इंजिनाचा. यांत शेपटीच्या सर्व्होची हमाली सर्वांत जास्त, कारण त्याला जायरो हे उपकरण सतत हुकूम देत असते.

हे यंत्र किती गंभीरपणे घ्यावे हे एका साध्या गणिताने कळेल. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १.३५ मीटर आणि मिनिटाला २००० फेरे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर येतो. असे यंत्र एका अंगठ्याएवढ्या डबीच्या भरवशावर हवेत असते. म्हणून सर्व्होची तपासणी नेहमी पाती काढून ठेवूनच करायची, हा पहिला नियम.

डबी उघडल्यावर

१९९१ पूर्वी, आयात-परवान्यांच्या काळात, परदेशी बनावटीचा सर्व्हो मिळवणे सोपे नव्हते. जुना उघडून चालू करणे ही त्या वेळी हौस नव्हे, गरज होती. आज सर्व्हो सहज मिळतात, तरी चांगल्या सर्व्होची किंमत पाहता ती सवय टिकून आहे. दातेरी चाकांचे संच स्वतंत्र मिळतात. डबीचे चार लांब स्क्रू काढले, चाकांचा क्रम कागदावर काढून ठेवला आणि नवीन ग्रीस लावून ती परत बसवली की बरेचसे काम होते.

बिघाड ओळखण्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. विद्युतपुरवठा बंद करून दांडा अगदी हळू हाताने फिरवावा. एका ठिकाणी खट्टकन अडला किंवा सुटला तर चाकाचा दात तुटला आहे. दांडा दोन्ही बाजूंना किंचित मोकळा हलत असेल तर दात झिजले आहेत. पुरवठा चालू करून सर्व्हो जागेवर उभा असताना गुणगुणत राहिला तर बहुधा जोडदांडी कुठेतरी अडते आहे. जोडदांडी सोडवून पाहिली की खात्री पटते. तो मध्यभागीच थरथरत असेल आणि बाजूला नेल्यावर शांत होत असेल, तर पोटेन्शिओमीटरची पट्टी झिजली आहे.

मध्यभागीच का? कारण हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असताना सर्व्हो आपला बहुतेक वेळ मध्याच्या आसपास घालवतो. पोटेन्शिओमीटरचा सरकता संपर्क त्याच एक-दोन मिलिमीटरवर हजारो वेळा घासला जातो. तिथला लेप झिजला की सर्व्होला स्वतःची जागा चुकीची कळू लागते. नसलेली त्रुटी त्याला दिसते आणि ती सुधारायला तो धावतो. मोटर उत्तम, चाके उत्तम, तरीही वर्तन बिघडलेले. मोजमाप बिघडले की आज्ञाधारकपणाचाच त्रास होतो.

दुसरी झीज मोटरमध्ये. साध्या डीसी मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोहोचवण्यासाठी त्यावर सतत घासणारे ब्रश असतात. ते झिजतात, ठिणग्या पडतात आणि एक दिवस संपर्क तुटतो.

सुधारणेची दिशा

गेल्या काही दशकांत या सर्व्होंत झालेले बदल पाहिले तर त्यांना एक दिशा दिसते. १९९० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक असलेले 'डिजिटल' सर्व्हो आले. जुन्या सर्व्होची मोटर सेकंदाला ५० वेळा ऊर्जा घेत असे, ही सुमारे ३०० वेळा घेऊ लागली. त्यामुळे छोट्या त्रुटीलाही जोरदार उत्तर मिळू लागले; वीजही अर्थात जास्त लागू लागली. प्लॅस्टिकच्या चाकांऐवजी धातूची चाके आली. पुढे पात्यांवरची स्थिरता-दांडी काढून तिचे काम इलेक्ट्रॉनिक जायरोंकडे गेले. दांडीवरची छोटी पाती पात्यांचा कोन बदलायला हातभार लावत. ती गेल्यावर तो सारा भार थेट सर्व्होंवर आला. मग ब्रश नसलेल्या मोटारी आणि पोटेन्शिओमीटरऐवजी चुंबकाच्या साहाय्याने, स्पर्श न करता कोन मोजणारे संवेदक आले. घासणाऱ्या दोन्ही जागा अशा एकेक करून काढल्या गेल्या.

जुन्या हेलिकॉप्टरात नवा सर्व्हो बसवताना दोन गोष्टी विसरून चालत नाही. चकतीचे तिन्ही सर्व्हो एकाच वेळी, एकाच जातीचे बदलावेत. एक चपळ आणि दोन मंद असतील तर चकती वर उचलताना क्षणभर तिरपी होते आणि हेलिकॉप्टर न सांगता एका बाजूला झुकते. दुसरे, विद्युतपुरवठा नव्या भुकेला पुरेल ना हे आधी पाहावे. विद्युतदाब क्षणभर कोसळला तर रेडिओ-ग्राहकच बंद पडतो.

खोडदला काय झाले?

आता हीच गोष्ट फार मोठ्या मापात पाहू. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे 'जीएमआरटी', उभारली. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात तिची बांधणी झाली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. पृथ्वी फिरते, म्हणून आकाशातल्या एका स्रोताकडे पाहत राहायचे तर प्रत्येक तबकडीला सतत हळूहळू वळावे लागते. हे काम सर्व्होयंत्रणाच करते.

हिशेब करून पाहा. तबकडी एक कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, अचूकतेने रोखायची आहे. केंद्रापासून साडेबावीस मीटरवरच्या कडेला ही चूक जेमतेम साडेसहा मिलिमीटर भरते. आणि हे उघड्यावर, वाऱ्यात साधायचे! दातेरी चाकांमधला ढिलेपणा इथे मुळीच चालणार नाही. त्यावर योजलेली युक्ती सुंदर आहे. प्रत्येक अक्षावर एकाऐवजी दोन मोटारी असतात आणि त्या एकमेकींच्या किंचित विरुद्ध जोर लावून चाकांचे दात नेहमी एकमेकांवर दाबून ठेवतात. कोन मोजणाऱ्या १७ बिटच्या एन्कोडरमुळे पूर्ण वर्तुळाचे १,३१,०७२ भाग पडतात; एक भाग सुमारे दहा विकलांचा.

३० तबकड्या, प्रत्येकीला दोन अक्ष, दर अक्षाला दोन मोटारी : एकूण १२० मोटारी. मूळच्या मोटारी ब्रशच्या होत्या. इतके ब्रश, एवढ्या अंतरावर विखुरलेले, तपासत आणि बदलत राहणे हे देखभालीचे केवढे काम असेल याची कल्पना करावी. २०१० च्या दशकात दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, तेव्हा ग्राहक-यंत्रणांबरोबर सर्व्होयंत्रणेतही बदल केले गेले. ब्रशच्या मोटारींऐवजी ब्रशविरहित मोटारी आणि नवे नियंत्रक संगणक बसवण्याचे काम हाती घेतले गेले. छंदाच्या हेलिकॉप्टरातल्या डबीत जो बदल झाला तोच हा, फक्त माप हजारो पटींनी मोठे.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक साधा सर्व्हो शाळेच्या प्रयोगशाळेला सहज परवडतो. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांत सर्व्हो-तपासणीची छोटी पेटीही मिळते. सर्व्होच्या दांड्याला एक हलकी पट्टी जोडून ती मध्यभागी ठेवा आणि बोटाने हलकेच ढकला. पट्टी विरोध करते. हा विरोध स्प्रिंगसारखा वाटतो, पण आत स्प्रिंग नाही. त्रुटी मोजली जाते आहे, एवढेच. पुरवठा बंद केला की विरोध नाहीसा होतो. मग जुना, निकामी सर्व्हो उघडून विद्यार्थ्यांना मोटर, चाके आणि पोटेन्शिओमीटर ओळखायला सांगा आणि विचारा : यातली कोणती जागा आधी झिजेल, आणि का?

प्रत्यक्ष उडवण्याची हौस असलेल्यांसाठी राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृतींचे प्रशिक्षण असते. पुण्यात लोहगावचा विमानतळ असल्याने, कुठे उडवता येईल हे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तयार केलेल्या नकाशावर आधी पाहून घ्यावे. शक्य असेल तर विज्ञान मंडळाची एक सहल खोडदलाही न्यावी. विद्यार्थ्यांनी आधी डबी उघडून पाहिलेली असेल, तर तबकडी वळताना पाहून त्यांचे प्रश्न अधिक नेमके असतील, असा आमचा अंदाज आहे.