आधी पाहा, मग बोला

किल्लारीच्या मुलांना ‘आपले गाव काढा’ म्हटले की ती दोन गावे काढतात. एक समोरचे, भूकंपानंतर वसवलेले, सरळ रस्त्यांचे. दुसरे जुने, माळवदाच्या घरांचे. ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडले. या मुलांनी ते पाहिलेले नाही. दादा-दादीकडून ऐकले आहे. ऐकलेल्या शब्दांवरून ती चित्र काढतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आधुनिक चित्रकलेशी माझी ओळखही अशीच शब्दांतून झाली. आमच्या भागात कलादालन नाही. बी.एड.च्या वर्षी वाचनालयात ज्ञानेश्वर नाडकर्णी यांचे लेखन हाती आले आणि चित्र ‘वाचता’ येते हे कळले. या माणसाची ओळख आपल्या वाचकांना असावी, असे मला वाटते.

नाडकर्णींचा जन्म १९२८ चा. ते विशीत असताना मुंबईत चित्रकलेचे नवे पर्व सुरू झाले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. १९४९ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरले आणि १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. या तरुणांच्या पाठीशी प्रथम उभे राहिले ते रुडी व्हॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारखे, नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले जाणकार. त्यांचे लेखन इंग्रजीत होते. नाडकर्णींनी इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीकडे लिहिले. ते कथाकार आणि कादंबरीकार होते, नाटक-सिनेमावर लिहीत. तरी चित्रप्रदर्शने पाहणे आणि त्यांवर लिहिणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रदर्शन साधारण आठवडाभर असते. तेवढ्यात जायचे, पाहायचे आणि वाचक तिथे पोचू शकेल अशा बेताने लिहून द्यायचे. त्या काळी वृत्तपत्रातली छायाचित्रे काळी-पांढरी; म्हणून रंग शब्दांतच सांगावा लागे. आठवडा संपला की चित्रे कुणाच्या तरी घरी जातात, पुन्हा दिसतीलच असे नाही. मागे परीक्षण उरते. तीच साक्ष.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. नागपूरला जन्मलेला, एकांतात राहणारा हा चित्रकार. त्यांच्या कॅनव्हासवर माणूस नाही, घर नाही. रंगांचे थर आणि त्यांतून उमटणारा उजेड. नाडकर्णींनी १९८३ मध्ये त्यांच्यावर पुस्तिका लिहिली आणि ललित कला अकादमीने ती प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात गायतोंडेंचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा नाडकर्णी हयात नव्हते. २०१० मध्येच ते गेले होते. किंमत ठरण्याआधी पाहणे हीच समीक्षकाची कमाई.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मले. आई लहानपणीच गेली. पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी पोट भरले. नाडकर्णींचे त्यांच्यावरील इंग्रजी पुस्तक ‘हुसेन : रायडिंग द लायटनिंग’ १९९६ मध्ये आले. त्याच वर्षी हुसेन यांच्या १९७० च्या दशकातील एका रेखाटनावरून वादळ उठले. खटले झाले. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील अश्लीलतेचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

हे सांगताना आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबू नये. २००४ मध्ये हुसेन यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटातील एका गाण्यावर आक्षेप घेणाऱ्या संघटना मुस्लिमांच्या होत्या, आणि चित्रपट चित्रपटगृहांतून उतरला. दोन्हीकडच्या रागावलेल्या माणसांपैकी किती जणांनी ते चित्र, ते गाणे नीट पाहिले-ऐकले होते? नापसंती दाखवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. समीक्षकही नापसंती दाखवतो. फरक इतकाच की तो आधी चित्रासमोर उभा राहतो.

एका पालकाने मला विचारले, “मॅडम, तस्वीर काढायला कशाला शिकवता? त्यापेक्षा गणित घ्या.” मी वाद घातला नाही. म्हटले, “भाईजान, आधी मुलाची वही पाहा.” वहीत जुने घर होते, कुणाकुणाकडून ऐकून काढलेले. ते वही घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगा सांगत आला की दादीने चित्र बराच वेळ पाहिले. मग बोट ठेवून म्हणाली, “दरवाजा इधर नै था बेटा, नीम की तरफ था.”

मुलाने दरवाजा खोडून दुसरीकडे काढला. वडिलांनी पुन्हा गणिताचा विषय काढला नाही.