थंडीवरचा आळ

कोल्हापुरात कुणाचं डोकं चार दिवस जड राहिलं की निदान घरातच होतं: सायनस असणार. कारणंही हाताशी असतात. रात्री दही खाल्लं, केस ओले ठेवून झोपली, रंकाळ्यावर गार वाऱ्यात बसला, गाडीवरून भिजत आला. उपचार ठरलेले: वाफ घे, तांबडा रस्सा ओरप, औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आण. एवढ्यानं भागलं नाही तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, पण त्यांनी ऑपरेशन सुचवलं तर करायचं नाही, कारण ‘ते पुन्हा होतंच’. हा झाला पूर्वपक्ष. तो अडाण्यांचा आहे असं कुणी समजू नये. प्राध्यापक आणि वकीलही तो तितक्याच ठामपणे मांडतात. त्यातलं शेवटचं वाक्य तर अर्धं खरंही आहे.

आधी थंडीचं पाहू. कपाळात, गालांच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकामागे कवटीच्या तळाशी हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्या अस्तरात सतत पातळसर चिकट स्राव तयार होतो आणि अस्तरावरचे सूक्ष्म तंतू तो ढकलत पोकळीच्या तोंडाशी आणतात, तिथून तो नाकात उतरतो. अस्तर सुजलं की अरुंद तोंडं बंद होतात आणि स्राव आत साचतो. साध्या सर्दीत हे आठ-दहा दिवस घडतं आणि निवळतं. बारा आठवडे उलटूनही सूज हटत नाही तेव्हा तो जुनाट सायनसायटिस. म्हणजे हा मुळात अस्तराच्या रेंगाळलेल्या दाहाचा आजार आहे, डोक्यात मुरलेल्या गारठ्याचा नव्हे. गार हवेनं नाक गळतं हे खरं, पण ती नाकाची तात्पुरती प्रतिक्रिया असते. दही, केळं किंवा लिंबू खाल्ल्यानं हा आजार जडतो, याला भरवशाचा पुरावा नाही.

यावर ‘आपला आयुर्वेद काय सांगतो?’ हा प्रश्न येतोच. तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाच्या एकतीस रोगांची गणना आहे आणि प्रतिश्यायावर स्वतंत्र अध्याय आहे. तिथल्या कारणांच्या यादीत थंडी आहे, नाही असं नाही. पण तिच्या शेजारीच धूर आहे, धूळ आहे, अति उष्णता आहे. आपण सोयीनं थंडी तेवढी उचलली आणि धूर-धूळ सोडून दिली. दही बंद करायला आईनं डोळे वटारले तरी पुरतं. धूर बंद करायचा तर कारखानदाराशी बोलावं लागतं.

आणि धूर-धूळ कोल्हापूर जिल्ह्याला काय कमी आहे? गळीत हंगामात साखर कारखान्यांची धुराडी आणि गुऱ्हाळांची चुलवाणं महिनोन् महिने पेटलेली असतात. चुलवाणात चिपाड सारणारा माणूस दिवसभर त्या धुरात बसतो. ऊस तुटल्यावर शेतात पाचट पेटवायची सवय अजून गेलेली नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांमध्ये मोल्डिंगची वाळू आणि फेटलिंगची धूळ उडते. इचलकरंजीत यंत्रमागांवर कापसाची बारीक धूळ तरंगत असते. यातल्या प्रत्येकाला सायनसायटिस होतो असं मी म्हणत नाही. काम तेच असून एकाचं अस्तर टिकतं, दुसऱ्याचं चिडतं. ॲलर्जी, दमा, विडी-सिगारेट, क्वचित प्रतिकारशक्तीतला दोष, अशा गोष्टी त्यात मिसळतात. पण व्यवसायातली धूळ, तंबाखूचा धूर आणि हा आजार यांचा संबंध अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसला आहे. दह्याच्या वाट्याला असा एकही पुरावा आलेला नाही.

पूर्वपक्षाचं दुसरं गृहीत याहून महागात पडतं: कपाळ दुखलं म्हणजे सायनस. २००४ साली अमेरिकेत जवळजवळ तीन हजार माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या डॉक्टरांनी डोकेदुखीला सायनसचं नाव दिलेलं होतं. निकषांवर तपासलं तर त्यांपैकी ८८ टक्के लोकांची दुखणी अर्धशिशीच्या जातीची निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्याला पाणी येतं, गालाशी जडपणा वाटतो, म्हणून फसगत होते. प्रकाश सहन होत नसेल, मळमळत असेल आणि दुखणं झटक्यांनी येऊन मधे पूर्ण जात असेल, तर नाकात औषध घालून काही उपयोग नाही.

निदानाची रीत म्हणून वेगळी आहे. नाक चोंदणं किंवा घट्ट, पिवळट स्राव पुढे अथवा घशात उतरणं, यांपैकी एक लक्षण हवंच. जोडीला चेहऱ्यावर दाब किंवा वास कमी होणं. हे बारा आठवडे टिकलेलं हवं, आणि शिवाय दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनमध्ये दाह दिसायला हवा. नुसता स्कॅन पुरत नाही. काहीही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांच्या स्कॅनमध्येही अस्तर थोडं जाड दिसतं, नाकाचा पडदा थोडा वाकडा दिसतो. ‘हाड वाढलंय’ हे वाक्य ऐकून घाबरलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तंतोतंत सरळ पडद्याचं नाक शोधूनच काढावं लागेल.

बुरशीचंही तसंच. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसनं महाराष्ट्रात जो हाहाकार केला, तेव्हापासून रिपोर्टात ‘फंगस’ शब्द दिसला की घरात रडारड होते. १९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जुनाट सायनसायटिसच्या २१० रुग्णांचा स्राव तपासला. ९६ टक्के नमुन्यांत बुरशी सापडली. मग तुलनेसाठी निरोगी माणसं तपासली, तर त्या सगळ्यांच्याच नाकात ती होती. बुरशी श्वासाबरोबर येते-जाते. ती ऊतींत घुसली आहे का, हा खरा प्रश्न. मधुमेह आटोक्यात नसताना चेहरा सुन्न होणं, डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं ही लक्षणं दिसली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. एकाच बाजूनं स्राव येतो आणि त्याला दुर्गंधी आहे, तर आधी वरची दाढ तपासून घ्यावी. तिची मुळं गालातल्या पोकळीला भिडलेली असतात. एकाच बाजूनं रक्त येत असेल तर गाठ नाही ना, हे पाहावंच लागतं.

उपचारांत पाच दिवसांच्या अँटिबायोटिकचा मान सगळ्यात मोठा आणि काम सगळ्यात थोडं. दाह जंतूंनी सुरू झालेला नसेल तर जंतू मारून काय साधणार? नाक झटकन मोकळं करणारे थेंब आठवड्यापलीकडे चालू ठेवले तर उलट चोंदण्याचाच आजार जडतो. वाफेनं बरं वाटतं, पण इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा लक्षणांवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. मिठाच्या पाण्यानं नाक धुणाऱ्यांना थोडा पण खरा फायदा झाला. तांबड्या रश्श्याविषयी: मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या नसांना चेतवतं आणि ताजं पाणी सुटतं. साचलेलं निघून जातं हा भास. रस्सा प्यायला आजाराचं निमित्त लागतं कशाला?

खरा पाया दोन गोष्टींचा. रोज नाक धुणं, आणि त्यानंतर स्टेरॉइडचा फवारा, तोही महिनोन् महिने. स्टेरॉइड म्हटल्यावर लोक दचकतात, पण फवाऱ्यातलं औषध बहुतांशी नाकातच काम करतं. गोळीची भीती त्याला लावणं बरोबर नाही. नाक धुणं म्हणजे आपली जलनेतीच. ती योगवर्गातून उचलून दवाखान्यात आणली, याचा अभिमान जरूर बाळगावा, मात्र पाणी उकळून गार केलेलं हवं, लिटरला साधारण नऊ ग्रॅम मीठ. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाचं पाणी तसंच वापरल्यानं मेंदूत अमिबा शिरून दोघे दगावले.

राहिलं ऑपरेशन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅल्डवेल आणि ल्यूक यांनी गालाच्या पोकळीत ओठाखालून शिरून अस्तर खरवडण्याची पद्धत दिली. आजीच्या पिढीनं ऐकलेल्या भयकथा त्या काळच्या. पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये मेसरक्लिंगर यांनी दाखवलं, की नवं भोक पाडलं तरी तंतू स्राव जुन्या नैसर्गिक तोंडाकडेच नेतात. त्यावरून आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली: तोंड मोकळं करायचं, अस्तर राखायचं. तरी ‘पुन्हा होतं’ हे अर्धं खरं कसं? नाकात वाढणारे मांसल कोंब आणि दमा दोन्ही असलेल्या, विशेषतः ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी दमा उसळणाऱ्या रुग्णांत हे कोंब खरोखर वारंवार उगवतात, कारण चाकूनं वाट मोकळी होते, दाहाची प्रवृत्ती तशीच राहते. शस्त्रक्रियेचा एक मोठा लाभ हाच, की धुण्याचं पाणी आणि फवारा आधी पोचत नव्हता तिथे पोचू लागतो. पुष्कळ रुग्ण बरं वाटताच नेमका तोच फवारा बंद करतात, पुन्हा फाउंड्रीत तोंडाला फडकंही न बांधता उभे राहतात, आणि वर्षानं नाक चोंदलं की दोष शस्त्रक्रियेला देतात.