वऱ्हाडातली पंगत आणि उरलेले अन्न

अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत सकाळचे वरण संध्याकाळपर्यंत आंबते. फ्रिज नसण्याच्या काळात वऱ्हाडी घरांची रीत ठरलेली होती: ओले अन्न त्याच वेळी संपवायचे आणि साठवायचे ते कडकडीत वाळवायचे. मुगवड्या, सांडगे, कुरडया उन्हात खडखडीत होत आणि डब्यात वर्षभर टिकत, कारण जिवाणूंच्या वाढीला ओल लागते.

पंगतीतही हेच दिसे. नवस फेडायला शेतात किंवा देवळापाशी रोडग्यांचा स्वयंपाक होई. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजत, राख झटकून तुपात बुडवत आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर गरमागरम वाढत. रोडगा दुसऱ्या दिवशीही चाले. वरण-भाजी मात्र जागेवरच संपवावी लागे.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. यात्रेकरूंची ये-जा वाढली, तसा कॉलऱ्यालाही प्रवास सोपा झाला. त्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये ओळखला. दूषित पाणी आणि अन्न हा त्याचा मार्ग. अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात वाढलेले गाडगेबाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी हा त्यांचा उपदेश, आणि त्याला स्वच्छतेची जोड त्यांनी कधी सोडली नाही.

आज भंडाऱ्यात वरण-भाताचे मोठमोठे गंज चढतात. चुलीवरून उतरवलेला भरलेला गंज मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. शिजवण्यातून वाचलेले काही जिवाणूंचे बीजाणू याच उबेत जागे होतात: भातात बॅसिलस सेरियस, दाट वरणात किंवा मटणाच्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. वाढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून स्टॅफिलोकोकस अन्नात उतरू शकतो. त्याचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून तासन्‌तास बाहेर राहिलेले अन्न गरम केले की निर्धोक झाले, हा समज चुकीचा आहे. वासावरूनही ते ओळखता येतेच असे नाही.

५ ते ६० अंशांदरम्यान अन्नातले जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यामुळे वाढायचे अन्न ६० अंशांच्या वर, वाफाळते ठेवावे. उरलेले लगेच उथळ परातींत पसरून निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. कडक उन्हाळ्यात एवढाही वेळ लावू नये. पुन्हा गरम करताना ते ढवळत आतपर्यंत उकळावे, तेही एकदाच. फ्रिजची सोय नसेल तर स्वयंपाक बेताचा करावा आणि उरलेले ओले अन्न डब्यात भरून घरोघर देऊ नये. पंगतीचे पुण्य जेवणाऱ्याच्या आरोग्याशी बांधलेले आहे.