मलिक अंबर, यासुके आणि आमची क्विझ

यंदा मंडळाच्या कार्यक्रमात मुलांची क्विझ घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू आयटीवाला, पीपीटी चांगली करतोस," एवढंच माझं क्वालिफिकेशन. भाषा, तर्क, सिनेमा आणि इतिहास असे चार राउंड ठरले. इतिहास म्हणजे अर्थातच शिवकाळ, मी निम्म्या स्लाइड्स करूनही टाकल्या होत्या. त्या बदलल्या माझ्या मुलीमुळे.

ती इथे तोयोसुला दुसरीत आहे. एके दिवशी शाळेतून आली ती थेट बाथरूममध्ये गेली आणि हात घासत बसली. वर्गातल्या एका मुलाने तिला विचारलं होतं, "हा रंग धुतला की जातो का?" पोरगं काही दुष्ट नव्हतं, कुतूहल होतं बिचाऱ्याला. पण मला जास्त झोंबलं ते हिचं उत्तर. ही त्याला म्हणाली, "मी काही आफ्रिकेतली नाहीये!"

आफ्रिकेतलं असणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं, हे तिला कोणी शिकवलं? विचार केला तेव्हा आजी आठवली. मी उन्हात क्रिकेट खेळून आलो की ती म्हणायची, "अगदी हबशी झालाय मेला!" आम्ही सगळे हसायचो. गंमत अशी, की हे घर होतं औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. आणि ते शहर वसवलं एका हबशानेच.

हबश म्हणजे अबिसीनिया, आजचा इथिओपिया. तिथे १५४८च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका मालकाने त्याचं नाव अंबर ठेवलं. विकला जात जात तो अहमदनगरला पोचला, आणि इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान हाही मूळचा हबशीच! मालक वारला, अंबर मोकळा झाला. थोडे घोडेस्वार जमवून नोकरी करू लागला आणि १६०० साली, अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतल्यावर, त्याने निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं. पुढची पंचवीस वर्षं त्याने मुघलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही. १६१०मध्ये खडकी गाव वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. जमिनीखालून नहर खोदून गावात पाणी आणलं. नहर-ए-अंबरी हे नाव मी लहानपणापासून ऐकत होतो, पण हा अंबर कोण असा प्रश्न इंजिनियर होईपर्यंत मला पडला नाही. शाळेची सहल पाणचक्कीला जायची, डबे खायचे, परत यायचं.

१६२४ची भातवडीची लढाई तर आपल्या अगदी घरातली. मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या आणि अंबरने त्यांना धूळ चारली. त्याच्या बाजूने लढत होते शहाजीराजे, आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. जहांगीर बादशहाने तर चित्रात स्वतःला अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारताना रंगवून घेतलं. प्रत्यक्षात त्या दोघांची कधी गाठही पडली नाही. हात पोचत नाही म्हटल्यावर कुंचला चालवायचा, दुसरं काय!

आता जपान. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन जेझुइट पाद्री आपल्या गोव्यात राहून १५७९ साली जपानला आला. त्याच्याबरोबर एक आफ्रिकन माणूस होता. १५८१मध्ये क्योतोत त्याला बघायला ही झुंबड उडाली. ओदा नोबुनागाला वाटलं, याने अंगाला शाई फासली आहे. त्याने त्याला कमरेपर्यंत उघडा करून धुवायला लावला. रंग गेला नाही. नोबुनागाने त्याला ठेवून घेतलं, यासुके हे नाव, राहायला घर आणि तलवार दिली. १५८२मध्ये होन्नोजीत नोबुनागाचा घात झाला, तेव्हा यासुके त्याच्या मुलाच्या बाजूने लढला. पकडला गेला आणि पुन्हा पाद्र्यांकडे पाठवला गेला.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली. "शाई धुऊन" इथे आल्यावर ती थांबली. मग हळूच म्हणाली, "अगदी तस्संच?"

तेव्हा चौथा राउंड बदलला. बाकीचे राउंडही त्यातच ओढले गेले. भाषेच्या राउंडमध्ये विचारलं, आपला पाव आणि इथला 'पान' नात्याने कोण? दोघांचा बाप पोर्तुगीज, त्याच जहाजांवरचा. (तंबाखू आणि 'ताबाको' ही जोडीही होती, पण ती कमिटीने मुलांसाठी नको म्हणून कापली.) सिनेमात विचारलं, 'ब्लॅक पँथर'चा हिरो चॅडविक बोझमन कुठल्या सामुराईचं काम करणार होता? २०१९मध्ये तशी घोषणा झाली होती, २०२०मध्ये तो कॅन्सरने गेला. पँथरवरूनच पुढे दलित पँथर: ओकलंडला १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी निघाली, तिच्यावरून १९७२ साली मुंबईत नाव घेतलं गेलं. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८७३मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. हे मुलांना येणार नाही हे धरूनच चाललो होतो, पण पालकांनाही आलं नाही. एक काका म्हणाले, "अरे, हे आम्हाला शाळेत का नव्हतं?" होतं काका, एका ओळीत होतं.

खरी मजा तर्काच्या राउंडला आली. वालिन्यानो १५७७ला गोव्याहून निघाला, तेव्हा अंबर दख्खनमध्ये होता. मग यासुके आणि अंबर भेटले असतील का? पर्याय: हो, नाही, अपुरी माहिती. सगळी मुलं "हो!" म्हणून ओरडली. बरोबर उत्तर तिसरं. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये मीही नेहमी तिथेच मार खायचो.

हॉलमधून बाहेर पडलो तर समोर तोयोसुचा खाडीकिनारा. १९२३च्या भूकंपानंतर ढिगारे टाकून भर घातलेली ही जमीन. यासुकेच्या वेळी इथे नुसतं पाणी होतं. मुलगी त्या पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा, त्याला धुतलं तेव्हा तो काय म्हणाला?"

पाद्र्यांनी पत्रात गर्दीचं वर्णन केलंय, नोबुनागाला झालेलं आश्चर्य लिहिलंय. तो काय म्हणाला, ते कोणीच लिहून ठेवलं नाही. मी तिला तसं सांगितलं.

"मी असते तर म्हटलं असतं, साबण तरी चांगला वापरा," ती म्हणाली, आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.