गुलछडीचं गोत्र

आमच्या दौंड तालुक्यात ‘निशिगंध’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात होता. शेतात होती ती गुलछडी. १९७४ साली ‘रजनीगंधा’ सिनेमा आला आणि हे तिसरं नावही कानावर पडलं. फूल मात्र एकच, आणि या तिन्हींतलं एकही नाव त्याच्या जन्मगावचं नाही.

जन्मगाव मेक्सिको. तिथले अ‍ॅझ्टेक लोक त्याला ‘ओमिशोचित्ल’ म्हणत, म्हणजे हाडाचं फूल. मेणासारख्या पांढऱ्या पाकळ्या बघितल्या की नाव पटतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं, पुढं समुद्रावरून ते आपल्याकडं उतरलं. नवल असं की, खुद्द मेक्सिकोतही ते रानात आपोआप उगवलेलं आढळत नाही. माणसानं लावलं तिथंच ते जगलं. लिनियसनं १७५३ साली त्याला ‘पॉलिअँथस ट्यूबरोसा’ म्हटलं. अलीकडं शास्त्रज्ञांनी त्याला अगेव्हमध्ये घातलंय. अगेव्ह म्हणजे आपला घायपात! बांधावर काटेरी भाऊ आणि वाफ्यात वासाची बहीण, दोघं आमच्याच रानात शेजारी नांदत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

लागवडीचं सगळं आत्याच्या हातात असायचं. उन्हाळ्यात जुने गड्डे खणून काढायचे, सावलीत महिनाभर सुकवायचे. निदान सुपारीएवढा गड्डा निवडायचा, वीतभर अंतरावर तीन बोटं खोल लावायचा, कोंब वर ठेवून. पाणी साचलं की गड्डा कुजतो, म्हणून जमीन निचऱ्याची हवी. तीन-चार महिन्यांत दांडा येतो. एक गड्डा एकदाच फुलतो. मग त्याच्या कडेची पिल्लं फुलायला लागतात. असं तीन वर्षं चालतं, नंतर सगळं उपटून नव्यानं लावायचं.

फुलात दोन जाती. एकेरीला सहा पाकळ्या, एकाच ओळीत, आणि वास भरपूर. ती सुटी तोडून हाराला, वेणीला जाते. डबलला पाकळ्यांचे थर. ती दांड्यासकट फुलदाणीत, गुच्छात जाते. गड्डे मात्र दोन्हींचे सारखेच दिसतात. घात होतो तो इथंच.

वडिलांनी एका वर्षी एका व्यापाऱ्याकडून एकेरी म्हणून अर्ध्या एकराचे गड्डे घेतले, तेही उसनवारी करून. विहिरीचं पाणी तोडून तिकडं दिलं. श्रावणाच्या तोंडावर कळ्या दिसल्या. आत्या पहाटे कंदील घेऊन वाफ्यात गेली, कळी दोन बोटांत दाबली आणि म्हणाली, “दादा, ही डबल हाय. गुलाबी झाक बघ की. आन् बोटाला भरीव लागतीया. हारवाला न्हाई घ्यायचा.”

वडील काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी फुलं उमलली, थरावर थर. गौरी-गणपतीला सुट्या फुलांना भाव होता, आणि आमचे दांडे पुण्याच्या गुलटेकडीपर्यंत न मोडता नेण्याची सोय नव्हती. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “गड्ड्यावर काय नाव लिवलेलं असतंय व्हय?” ती उसनवारी फिटायला दोन वर्षं लागली. त्या दिवाळीला आत्यानं नवं लुगडं घेतलं नाही.

पुढच्या हंगामात तिनं गावातल्याच एका बाईच्या एकेरी वाफ्यात, ऐन फुलोऱ्यात, फुललेल्या दांड्यांना चिंध्या बांधल्या. खणायच्या वेळी फक्त चिंधीवाल्या झाडांचे गड्डे आणले. पिढ्यान् पिढ्या बायकांनी हे वाण असंच राखलं असणार.

पुढं बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे नवे वाण आले. शृंगार आणि प्रज्वल एकेरी, वैभव निमडबल, सुवासिनी डबल. प्रज्वल एकेरी असून तिच्या कळीला गुलाबी झाक! आत्यानं ती हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग म्हणाली, “आता रंगावर जायचं न्हाई. उमललं की पाकळ्या मोजायच्या.”

आत्या आता नाही. पण गड्डे विकत घ्यायचे असले तर आमच्या घरी अजून तिचाच कायदा चालतो. आधी विकणाऱ्याच्या रानात जाऊन फुलोरा बघायचा, पाकळ्या मोजायच्या, चिंधी बांधायची. पैसे त्यानंतर.