डिकीतला लाल डबा

संध्याकाळी 6.50. आगीला अकरा तास वीस मिनिटं

गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान, पुणे. पहाटे कोल्हापूरला लग्नाला निघायचंय, म्हणून हेडलाइटचे बल्ब बदलायला आलोय. मूळचे 60/55 वॅटचे, मला हवेत 100/90. अंधारात घाट चढायचा तर उजेड नको का?

काउंटरवर आग विझवायचे दोन सिलिंडर. एक एबीसी पावडरचा, एक किलोचा. आयएसआयचा शिक्का, त्यासोबत आयएस 15683, मानेपाशी दाबाचं छोटं घड्याळ, आणि सीटखाली बसवायला लोखंडी क्लॅम्प. दुसरा अर्धा किलोचा लाल डबा, डासांच्या स्प्रेसारखा, चकचकीत. घड्याळ नाही, मानकाचा क्रमांक नाही, मुदत कुठे छापलीय ते सापडेना. मी दुसरा घेतला. गाडीत असावा एखादा, एवढाच विचार. वाचलेले साडेचारशे रुपये बल्बात गेले.

7.20

बल्ब लावून अप्पर मारला, एका बाजूचा फ्यूज उडाला. दुकानातला पोरगा म्हणाला, "दहाचा आहे साहेब, तीसचा टाकतो. आता नाही उडणार."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. फ्यूज बल्बसाठी नसतो, तारेसाठी असतो. तार तापून पेटण्याआधी उडणं हेच त्याचं काम. तीसचा टाकला, आणि हे काम करणारं गाडीत कुणी उरलं नाही.

रात्री 10.15

डिकी भरली. लाल डबा सगळ्यात आधी ठेवला, म्हणजे सगळ्यात खाली. त्यावर फेट्यांचं खोकं, लाडवांचे डबे, आईची बॅग.

पहाटे 4.40

निघालो. उजेड झकास. मी दोनदा बोलून दाखवलं.

5.35. आगीला पस्तीस मिनिटं

शिरवळला चहा. गाडीत बसताना आई म्हणाली, "काहीतरी जळकं येतंय रे." मी म्हटलं, बाहेर कुणीतरी शेकोटी केली असेल. हिवाळ्याचे दिवस, पटण्यासारखं होतं. बल्बमागचं प्लॅस्टिकचं होल्डर तेव्हाच वितळत असणार. साठ वॅटला साधारण पाच अँपिअर लागतात, शंभरला आठाहून जास्त, आणि होल्डर पाचाच्या हिशोबाने बनवलेलं.

6.04

खंबाटकीची चढण. पूर्ण अप्पर.

6.10

उजवा दिवा गेला. बॉनेटच्या फटीतून धूर. गाडी कडेला घेतली, चावी बंद केली. इंधनाचा पंप थांबला, हे त्या पहाटेचं माझं एकमेव शहाणपण. बायकोने आईला आणि लेकीला मागे बरंच लांब, कठड्यापलीकडे नेलं.

6.11

डिकी. आईची बॅग बाहेर, लाडवांचे डबे बाहेर, फेट्यांचं खोकं अडकलं. सगळं मिळून दीड मिनिट गेलं असेल. तेवढ्यात धुराच्या जागी ज्वाळ दिसू लागली.

6.13

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. बॉनेट पूर्ण उघडलं. आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली आणि ती माझ्या भुवयांपर्यंत आली. बॉनेट आतल्या खटक्याने नुसतं सैल करायचं, हात भाजेल इतकं तापलं असेल तर तेही नाही, आणि फटीतून पावडर आत मारायची. हे मला नंतर कळलं.

डबा दाबला. पांढरा फवारा, चार-पाच सेकंद. आग बसली! मी डबा खाली ठेवला, आणि ती पुन्हा उठली. बॅटरी जोडलेलीच होती, तारा तापलेल्याच होत्या, मारायला काही उरलं नव्हतं. एक किलोचाही आठ-दहा सेकंदांतच संपतो, पण त्या दुप्पट सेकंदांत निदान ज्वाळेच्या मुळाशी पोचता आलं असतं.

6.16

एक कंटेनरवाला स्वतः थांबला, केबिनमधून सिलिंडर घेऊन धावत आला. भला माणूस. खटका दाबला, काहीच आलं नाही. घड्याळाचा काटा लाल पट्टीत, कधीपासून कोण जाणे.

6.20 ते 6.50

112 ला फोन केला होता. बंब आला तोवर चारही टायर गेले होते. माणसं शाबूत.

पुढे विमा सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारला तो फ्यूजबद्दल.

आता दुसरी गाडी आहे, बल्ब कंपनीने दिले तेच. सिलिंडर घेताना सीओटू पण पाहिला होता. तो जड, उघड्यावर त्याचा वायू वाऱ्यावर उडून जातो आणि तापलेला भाग पुन्हा पेट घेतो. म्हणून एबीसी पावडरच घेतली, ती कापड-प्लॅस्टिकवरही चालते, पेट्रोलवरही. पावडरीचा पसारा होतो, गाडी धुताना जीव जातो, पण धुवायला गाडी राहते. जागा होती म्हणून दोन किलोचा घेतला, एकाखाली जाऊ नये. ड्रायव्हर सीटच्या पुढे, क्लॅम्पमध्ये. मोकळा ठेवला तर जोराच्या ब्रेकला तोच पायात किंवा पेडलखाली येतो. बसल्या जागेवरून हात पोचतो की नाही, ते दुकानातच बसून पाहिलं. दुकानदार हसत होता.

आज रात्री गाडी लावताना आपल्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का बघा. आणि जमलं तर फ्यूजच्या डबीचं झाकणही उघडा.